यंत्राने लाकूडतोड करताना माती आणि पाणी वाचवायचे असेल तर या चुका टाळा

कोकणातल्या मालकी रानांत आता कुऱ्हाड आणि करवतीबरोबर जेसीबी, पोकलेन आणि ट्रॅक्टर सर्रास शिरतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात वहाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी तांबडे झाले की सगळा दोष झाडे तोडण्यावर जातो. तोडीचा वाटा त्यात आहेच. पण उतारावरची माती मुख्यतः वाहून जाते ती ओंडके बाहेर काढण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यावरून. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तिथे डोंगरावरून सरळ खाली उतरवलेला रस्ता म्हणजे पाण्याला आपणच खणून दिलेला पाट असतो.

त्यामुळे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे झाडे पाडून झाल्यावर रस्त्याचा विचार करणे. झाडे आडवी झाली की यंत्रचालक सर्वांत जवळची वाट धरतो, आणि सर्वांत जवळची वाट बहुधा सर्वांत उभी असते. रस्ता आधी आखावा, चुन्याने किंवा कापडाच्या पट्ट्या बांधून खुणावावा, आणि शक्यतो १० मीटर चालण्यात १ मीटरपेक्षा जास्त चढ येणार नाही असा डोंगराच्या कडेकडेने न्यावा. आखणीपूर्वी, म्हणजे आदल्या पावसाळ्यातच, भर पावसात एकदा रान फिरून पाहावे, असा माझा आग्रह आहे. डिसेंबरात कोरडी ठणठणीत दिसणारी घळ श्रावणात झरा असते आणि नेमका तिच्यातूनच रस्ता काढला जातो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी घेताना झाडांची जात आणि संख्या काटेकोरपणे मोजली जाते. यंत्र कुठून जाणार याची काळजी मात्र मालकालाच घ्यावी लागते.

दुसरी चूक ओल्या जमिनीवर यंत्र घालण्याची. यंत्राच्या वजनाने माती दबते ती बहुतांशी पहिल्या काही फेऱ्यांतच, त्यामुळे ‘एवढ्या चार खेपा उरकून घेऊ’ हा हिशेब खोटा ठरतो. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वरच्यावर धावते, आणि अशी जमीन पुन्हा भुसभुशीत व्हायला कित्येक वर्षे लागतात. परीक्षा सोपी आहे. वीतभर खालची माती मुठीत घेऊन तळहातांत वळावी. तिची वात वळली तर त्या दिवशी यंत्र उभे ठेवावे, आणि ती फुटून भुगा झाला तर काम चालू करावे. माती आधीच दबली आहे का, हे चाकोरीत टाच रोवून पाहिली की कळते, कारण शेजारच्या पालापाचोळ्यात टाच रुतते आणि चाकोरीत ती फरशीवर आपटावी तशी वाजते. सगळ्या रानभर फिरण्यापेक्षा यंत्राने दोन-तीन ठरलेल्या वाटाच वापराव्यात, आणि छाटलेल्या फांद्या पेटवून न देता त्या वाटांवर अंथराव्यात, म्हणजे भार पसरतो आणि पावसाचा मारही थेट मातीवर बसत नाही.

वहाळाच्या बाबतीत मी अधिक हळवा आहे, हे मान्य करतो. आमच्या वाडीच्या वरच्या रानात एका ठेकेदाराने वहाळातच माती लोटून ट्रॅक्टरसाठी भराव केला आणि काम संपल्यावर तो तसाच सोडला. जूनमध्ये भराव फुटला, आणि त्यानंतर काठच्या विहिरीतून भरलेली कळशी रात्रभर ठेवली की तळाशी बोटभर तांबडा गाळ बसू लागला. पात्र ओलांडणे टळत नसेल तर अरुंद जागी, घट्ट काठ पाहून, काटकोनात आणि एकाच ठिकाणी ओलांडावे. खाली सिमेंटचे पाईप घालावेत आणि पावसापूर्वी भरावासकट ते काढून घ्यावेत. दोन्ही काठांची झाडेझुडपे अजिबात तोडू नयेत, उतार जितका तीव्र तितका हा पट्टा रुंद ठेवावा, आणि ओंडके पात्रातून ओढत नेऊ नयेत. डिझेल भरणे आणि ऑईल बदलणे वहाळापासून लांब, सपाट जागीच करावे.

पोकलेन हाताशी आहे म्हणून खुंट उपटून काढण्याची जी पद्धत पडली आहे, ती माझ्या मते तोडीपेक्षाही घातक आहे. ऐन, किंजळ, साग यांच्या खुंटाला फुटवे येतात आणि त्यामुळे मुळे जिवंत राहून माती धरून ठेवतात. खुंट उपटला की खड्डा उरतो, त्यात पाणी साचून मुरते, आणि उतारावर ते पाणी आतून माती ढिली करते.

काम संपल्यावर रस्ता बंद करणे मेच्या मध्यापर्यंत उरकावे, कारण वळवाच्या सरी मृगाची वाट पाहत नाहीत. रस्त्यावर सुमारे ३० अंशांत तिरके, ३० सेंटिमीटर उंचीचे आडबांध घालावेत: १० टक्के उतारावर साधारण २५ मीटरवर एक, २० टक्के उतारावर १५ मीटरच्या आत. बांधाचे वरचे टोक डोंगराच्या कडेत घट्ट बसलेले असावे आणि खालचे टोक मोकळे असावे. त्यातून निघणारे पाणी वहाळात न सोडता झुडपांत पसरू द्यावे. बहुतेक बांध फुटतात ते खालचे तोंड मातीने बुजल्यामुळे.

एवढे करूनही जुलैत रस्त्यावर ओघळी दिसल्या, तर त्यांत सुटी माती टाकू नये, कारण ती पुढच्या सरीत वहाळात जाते. ओघळ जिथून सुरू होते तिथवर वर चढत जावे, तिथे पाणी रस्त्यावर कुठून शिरते ते पाहावे आणि तिथेच ते बाजूला वळवावे. ओघळीत आडव्या फांद्या दाबून बसवाव्यात आणि त्यांच्यावर दगड ठेवावेत. ही दुरुस्ती टिकाव, फावडे आणि घमेले घेऊन दोन माणसांनी करावी आणि जेसीबी पुन्हा रानात नेऊ नये.