जुन्या अवजारांचा भाव कसा धरायचा: या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात ऊस, कांदा, सोयाबीन, गहू अशी पिकं आलटूनपालटून चालतात. त्यामुळे पुष्कळ वस्त्यांवर एखादं न लागणारं अवजार शेडमध्ये उभं असतं आणि त्याचं गिऱ्हाईक बहुधा शेजारच्याच दोन-चार गावांत सापडतं. ही घेणं-देणं जुळवण्याचं काम मी करतो. त्यात यायचंय म्हणून तरुण पोरं भेटायला येतात, त्यांचा पहिला प्रश्न भावाचा असतो.

शेतकऱ्याने तेव्हा किती मोजले होते, त्यावरून भाव धरायचा नाही. आज नवं केवढ्याला मिळतं, तिथून खाली यायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे लाखाच्या मूळ किमतीचं यंत्र १,१२,००० ऐवजी १,०५,००० ला पडू लागलं, आणि गावोगावच्या शेडमधल्या जुन्या मालाचा भावही त्याच दिवशी उतरला. विकणाऱ्याला हे पटवणं जड जातं. "अहो काका, बिल तुमच्या हातात आहे, पण गिऱ्हाईकाच्या हातात आजचं कोटेशन आहे," एवढं शांतपणे सांगावं.

सर्वांत जास्त फिरतो तो रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, म्हणून तो तपासायला आधी शिका. रंगाकडे पाहू नका. ताज्या रंगाखाली वेल्डिंग लपतं, त्यामुळे फ्रेमचे सांधे खालून हात फिरवून बघा. ट्रॅक्टरला जोडून वर उचला, इंजिन बंद करा, खाली भक्कम आधार द्या आणि मगच रोटर हाताने हलवा. वर-खाली खेळला तर बेअरिंग गेलं. गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बोटाला चकाकता कीस लागला तर दात झिजताहेत. भाताच्या चिखलणीत चाललेल्या यंत्राचे सील विशेष तपासा. पाती झिजलेली असणारच, ती बदलता येतात. मुरमाड रानात ती काळ्या रानापेक्षा लवकर संपतात. खरी किंमत पडते ती पाती बसवायच्या फ्लँजची भोकं लांबट झाली असतील तर, कारण मग नवी पातीही ढिली राहतात. शेवटी पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवून आवाज ऐका, आणि त्या वेळी शाफ्टजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका. सैल शर्ट, उपरणं तर नाहीच.

आता हिशेब. समजा नवा सहा फुटी १,०५,००० ला आहे. तीन हंगाम नीट चाललेल्याला मी साठ टक्के धरून सुरुवात करतो, म्हणजे ६३,०००. पाती-बोल्ट, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून दहा हजार लागणार असतील तर विक्रीचा भाव ५३,०००. त्यातून वाहतूक आणि आपली कमाई वजा करून शेतकऱ्याला किती द्यायचं ते निघतं. दुरुस्तीचा आकडा मनात न ठेवता कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवा. घासाघीस निम्म्याने कमी होते, आणि तोच माणूस पुढे दुसऱ्याला घेऊन येतो.

मोगडा, कल्टिव्हेटर यांचं गणित सोपं आहे. गावच्या फॅब्रिकेटरकडे ते बरेचदा किलोवरच ठरतात, तेव्हा भंगाराचा दर हा तळ आणि नव्याचा किलोचा दर हा माथा. पलटी नांगरात मात्र पलटणाऱ्या पिनेतली ढिलाई आणि हायड्रॉलिक सिलिंडरची गळती पाहिल्याशिवाय आकडा बोलू नका.

विकताना गिऱ्हाईकाला आधी विचारा: "दादा, ट्रॅक्टर कोणता, किती एचपीचा?" पस्तीस एचपीवाल्याच्या गळ्यात सात फुटी रोटाव्हेटर मारणं मला पाप वाटतं. इंजिन दमतं, डिझेल जळतं आणि शेत कच्चं राहतं. हंगामही सांभाळा. नांगर रब्बी निघाल्यावर विचारला जातो, पेरणी यंत्र जूनआधी, मळणी यंत्र सोयाबीन काढणीच्या तोंडावर, उसाची ट्रॉली कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी. पावसाळ्याच्या मध्यात नांगर स्वस्त मिळतो. शेडमध्ये जागा आणि खिशात दम असेल तर घेऊन ठेवावा.

कागदांकडे नवखे दुर्लक्ष करतात. महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरून अनुदानात आणलेलं अवजार ठरावीक मुदतीत न विकण्याची हमी लाभार्थ्याने दिलेली असते. मुदत संपलेली नसेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका. ट्रॉली हे मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहनच आहे, म्हणून आरसी (नोंदणीचा दाखला) पाहा, चेसिस नंबर जुळवा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. कर्जाचा बोजा असेल तर बँकेकडून तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका. इतर अवजारांची साधी विक्रीपावती करा. त्यावर सिरियल नंबर आणि दोघांनी मान्य केलेले दोष लिहा.

माल पोचवल्यावर एक काम उरतं. जुना पीटीओ शाफ्ट नव्या ट्रॅक्टरला लांबीने जुळेलच असं नाही. लांब पडला तर उचलताना गिअरबॉक्सवर दाब येतो, आखूड पडला तर नळ्या एकमेकींतून निसटतात. गिऱ्हाईकाच्या शेतावर अवजार जोडून, वर-खाली करून, दोन्ही टोकांना नळ्या पुरेशा एकमेकींत राहतात का ते स्वतः पाहा आणि मगच उरलेले पैसे मागा.