गूगलवर टायटल भलतंच दिसतंय? आधी या चुका टाळा

"सर, मी टायटल टाकलंय एक आन् गूगल दाखवायलंय दुसरंच, कुठली सेटिंग राहिलीय का?" हा प्रश्न मला लातूरहून येतो, नांदेडहून येतो, जालन्याच्या बियाणेवाल्यांकडून येतो, आणि दरवेळी विचारणाऱ्यानं आपलं स्वतःचं पान काही उघडून बघितलेलं नसतं. बाबांनो, गूगलवर शोधल्यावर यादीत पानाची जी मोठी ओळ दिसते ते टायटल, आणि ते ठरवायची अशी कुठलीच सेटिंग नाहीये. टायटल टॅग म्हणजे पानाच्या कोडमधे लिहून आपण गूगलला सुचवलेलं नाव, हुकूम नाही. गूगल पानावरचं मोठं हेडिंग बघतं, बाकीचा मजकूर बघतं, ओजी टायटल (लिंक शेअर केल्यावर दिसणारं नाव) बघतं, दुसऱ्यांनी आपल्याला लिंक देताना काय शब्द वापरलेत तेही बघतं, आणि मग ठरवतं. २०२१ च्या ऑगस्टमधे त्यांनी ही पद्धत बदलली तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली, मग सप्टेंबरमधे त्यांनीच सांगितलं की साधारण ८७ टक्के वेळा आम्ही टायटल टॅगच वापरतो. म्हणजे तुमचं टायटल जर उरलेल्या १३ टक्क्यांत गेलं असंल तर आधी आपल्या पानात काय गडबड आहे ते बघावं, गूगलला शिव्या नंतर.

टायटल बदललं, पान तसंच ठेवलं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

संभाजीनगरात हिमरू शाली आणि पैठण्या विकणारे एक काका आहेत. २०२३ मधे शहराचं नाव बदललं तसं त्यांच्या भाच्यानं वेबसाइटचं टायटलही बदललं, "हिमरू शाल आणि पैठणी, छत्रपती संभाजीनगर". गूगलवर मात्र येत राहिलं "औरंगाबादची अस्सल हिमरू शाल". भाच्याला वाटलं गूगलला नवीन नाव मंजूर नाही, त्यावर घरात राजकारणाची चर्चाही होऊन गेली म्हणे. मग त्यानं काय करावं, रोज टायटलमधे एखादा शब्द इकडचा तिकडं करायचा आणि सर्च कन्सोलमधे (साइटवाल्यांसाठीचं गूगलचं साधन) जाऊन रिक्वेस्ट इंडेक्सिंगचं, म्हणजे पान पुन्हा वाचा असं सांगायचं, बटण दाबायचं. तरीही होईना म्हणून यूट्यूबवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून एक एसइओ प्लगइन (साइट गूगलवर नीट दिसावी म्हणून जोडायचा छोटा प्रोग्राम) असताना दुसरं टाकलं. मग माझ्याकडं फोन, "दादा, दोन-दोन प्लगइन टाकूनही ऐकायलं नाही गूगल."

मी पहिलं काम केलं ते कंट्रोल यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, बघायचं. दोन टायटल टॅग! एक जुन्या प्लगइनचा, एक नव्याचा, आणि दोन्हीत मजकूर वेगळा. खाली बॅनरवर एच वन, म्हणजे पानाचं मोठं हेडिंग, जुन्या नावाचं, मेनूत जुनं नाव, फुटरमधे जुनं, ओजी टायटल तर दुकानाची साइट सुरू केली तेव्हाचं. अख्ख्या पानात नवीन नाव फक्त टायटलमधे, तेही दोनातल्या एकातच. पत्रिकेवर एका कार्यालयाचं नाव आणि कमानीवर दुसऱ्याचं असलं तर पाहुणा कमान बघूनच आत जाणार ना? गूगलनं तेच केलं.

दुरुस्ती काही अवघड नव्हती. एक प्लगइन काढलं, नुसतं बंद नाही, काढलंच, कारण बंद केलेलं कुणीतरी पुन्हा चालू करतंच हा माझा अनुभव आहे. एच वन आणि टायटल एकाच अर्थाचं केलं, मेनू, फुटर, ओजी सगळं एका माळेत आणलं, कॅशे (साइटच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी केली. मजकुरात एका ठिकाणी "पूर्वीचं औरंगाबाद" एवढं मुद्दाम ठेवलं, कारण लोकं अजून त्या नावानंही शोधतेत आणि गिऱ्हाईक कुठल्याही नावानं आलेलं बरंच. मग रिक्वेस्ट इंडेक्सिंग एकदाच केलं आणि भाच्याला सांगितलं की आता हात लावायचा नाही. गूगल पान पुन्हा वाचायला काही दिवसही घेतं, काही आठवडेही घेतं, आणि तेच पान रोज रोज पाठवल्यानं काही लवकर होत नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नवशिक्यांना हेच पटत नाही, त्यांना सकाळी बदललं की दुपारी दिसायला पाहिजे, आणि नाही दिसलं की संध्याकाळी पुन्हा बदलायचं, मग गूगलनं नेमकं वाचायचं तरी काय? नंतर गूगलवरचं टायटल बदललं, तर काकांचा फोन, "मग आता विक्री वाढंल ना?" ते माझं खातं नाही काका.

धाराशिवच्या लोकांनाही हेच लागू, अर्धं पान उस्मानाबाद आणि टायटलात धाराशिव असं करू नका.

डिस्क्रिप्शन लिहिलं म्हणजे तेच दिसणार, हा गैरसमज

टायटलपेक्षा इथं जास्त डोकं फुटतं. गूगल टायटलच्या खालच्या दोन ओळी मुख्यतः पानाच्या मजकुरातूनच उचलतं आणि ते सुद्धा माणसानं काय शोधलं त्याच्यावर. आपण लिहिलेलं मेटा डिस्क्रिप्शन (कोडमधे टाकलेलं पानाचं थोडक्यात वर्णन) त्याला जास्त चांगलं वाटलं तरच घेतं. एखाद्यानं क्लासचं नाव टाकलं तर तुमचं डिस्क्रिप्शन दिसंल, आणि त्याच क्लासची "हॉस्टेल फी" शोधली तर पानातली फीची ओळ दिसंल. यात बिघाड काहीच नाही, उलट बरंच आहे. मेटा डिस्क्रिप्शन सगळ्या पानांना एकच कॉपी-पेस्ट केलेलं असलं तर मात्र ते जवळपास नसल्यासारखंच.

खरा त्रास तेव्हा होतो जेव्हा भलतीच ओळ येते, दुकान सोमवारी बंद, कुकीची परवानगी द्या, असलं काहीतरी. त्यावर माझी सवय अशी की आधी पानाच्या वरच्या भागात दोन-तीन धड वाक्यं लिहायची, दुकान काय विकतं, कुठं आहे, कुणासाठी आहे. बहुतेक पानांवर तसं एकही वाक्य नसतं, नुसते फोटो आणि "आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत". मग गूगल उचलणार काय? आणि एखादा तुकडा अजिबात नको असंल तर त्या डिव्हला किंवा स्पॅनला (कोडमधले मजकुराचे कप्पे) डेटा-नोस्निपेट, म्हणजे हे खालच्या ओळींत दाखवू नको अशी खूण, लावायचं. तेवढ्याच तुकड्याला. एका क्लासवाल्यानं गडबडीत सगळ्या साइटला नोस्निपेट (अख्ख्या पानासाठीची तीच खूण) लावलं होतं आणि मग विचारायलाय की खाली काहीच का दिसंना.

बाकीच्या भराभर

टायटल "होम" किंवा नुसतंच दुकानाचं नाव: गूगल बदलणारच, आणि बदललेलं तुमच्यापेक्षा बरं असतं. परभणीच्या एका दुकानदाराचं "स्वागत आहे" हे टायटल जाऊन "सोयाबीन बियाणे" आलं होतं तर त्यांना जुनं परत पाहिजे होतं. मी म्हणलं राहू द्या.

"बेस्ट नीट क्लासेस इन लातूर, टॉप नीट क्लासेस लातूर, नंबर वन नीट क्लासेस" असलं इंग्रजी अक्षरांतलं टायटल आणि आत सगळं पान मराठीत. एक तर तेच शब्द कोंबलेले, वरून लिपी वेगळी. ज्या लिपीत पान त्याच लिपीत टायटल लिहा, जून २०२२ पासून तर गूगल हे मुद्दाम बघतं.

टायटलात "प्रवेश २०२२" आणि हेडिंगमधे पुढचं वर्ष. आळस, दुसरं काही नाही.

मेटा कीवर्ड, म्हणजे कोडमधली शोधशब्दांची यादी, भरत बसणं. गूगलनं २००९ मधेच सांगितलंय की आम्ही ते बघत नाही. अजून याचे पैसे घेणारे लोकं आहेत.

रोबोट्स फाइलमधे (गूगलनं काय वाचायचं, काय नाही हे सांगणारी फाइल) पान अडवून ठेवायचं आणि डिस्क्रिप्शन येईना म्हणायचं. वाचूच दिलं नाही तर लिहिणार काय.

टायटल किती अक्षरांचं असावं हे विचारू नका. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं कापलं जातं, आणि मराठीत जोडाक्षरं-वेलांट्यांमुळं अक्षरं मोजण्याला तसाही अर्थ नाही. कामाचं आधी लिहा, दुकानाचं नाव शेवटी, संपला विषय.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवल्यावर जुनं नाव दिसतंय म्हणून गूगलला दोष देऊ नका, ते ओजी टायटलवरून येतं आणि एकदा आलेलं तिथं साठून राहतं. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा लावून स्वतःलाच पाठवून बघा, नवीन दिसलं तर तुमचं काम झालेलंय, फोन करायची गरज नाही.