सिस्टिम फंक्शनच्या रॅपरला नाव देताना

खानदेशातील जिनिंग कारखान्यांच्या काटापावत्या हाताळणाऱ्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम) पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आम्ही जळगावात लिहितो. चोपडा, अमळनेर, शिरपूरकडून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी रॅपरची नावे नीट वाचायला सांगतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या फंक्शनवर आपण जे आवरण, म्हणजे रॅपर, चढवतो, त्याच्या नावावरूनच पुढचा माणूस त्याच्या वागण्याचा अंदाज बांधतो.

रॅपर मूळ फंक्शनचेच काम करीत असेल, तर नाव मूळचेच ठेवावे आणि काम बदलले, तर नावही बदलावे, असे माझे ठाम मत आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची फंक्शने पुरवणाऱ्या पायथनच्या ओएस मॉड्यूलमध्ये फोर्क (नवी प्रक्रिया सुरू करणे), किल (प्रक्रियेला सिग्नल पाठवणे), अनलिंक (फाइल काढून टाकणे) ही नावे पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकातून जशीच्या तशी आली आहेत. त्यामुळे युनिक्सच्या मॅन्युअलचा सिस्टिम कॉलविषयीचा विभाग २ वाचलेल्याला ती परकी वाटत नाहीत. एमकेडीआयआर (mkdir) एकच डिरेक्टरी तयार करते, तर मधल्या डिरेक्टरीही तयार करणाऱ्या फंक्शनला मेकडर्स (makedirs) हे वेगळे नाव दिलेले आहे. अनलिंक फसल्यावर सी भाषेत उणे १ मिळतो आणि पायथनमध्ये एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी त्रुटी, येते, हा फरक मात्र संपूर्ण मॉड्यूलला सारखाच लागू असल्याने प्रत्येक नावात तो दाखविण्याची गरज नाही.

ओपनपाशी विशेष सावध राहावे. ओएस मॉड्यूलमधील ‘ओपन’ फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा पूर्णांकी क्रमांक, देते, तर पायथनचे अंगभूत ‘ओपन’ थेट वाचता-लिहिता येणारे फाइल ऑब्जेक्ट देते. मॉड्यूलमधील सगळी नावे तारांकनाने (from os import *) आयात केली, की पहिले दुसऱ्याला झाकून टाकते. म्हणून मॉड्यूलचे नाव लिहूनच फंक्शन वापरावे.

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते आणि ऐन मापाच्या वेळी वीज गेली तरी पावती अर्धवट राहून चालत नाही. यासाठी आमचे फंक्शन त्याच डिरेक्टरीतील तात्पुरत्या फाइलमध्ये मजकूर लिहून एफसिंक करते, म्हणजे तो डिस्कवर उतरवून घेते, आणि मग रिप्लेसने ती मूळ फाइलच्या जागी आणते. नवखे त्याला ‘राइट’ किंवा ‘सेफ_राइट’ म्हणू पाहतात. पहिल्या नावात अदलाबदलीचा पत्ता नाही आणि दुसऱ्यात सुरक्षितता नेमकी कशापासून, ते कळत नाही. ‘अ‍ॅटॉमिक_राइट’ या नावातून वाचणाऱ्याला जुनी किंवा नवी, पण पूर्ण फाइल मिळेल, हे समजते. त्यातील फक्त आपल्यापुरत्या मदतनीस फंक्शनच्या नावाआधी पेप ८ या पायथनच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेतील संकेतानुसार एक अंडरस्कोर द्यावा.