४० मजली टॉवरचं एलिव्हेशन हाताने रेंडर करताना

एलिव्हेशन म्हणजे इमारतीची एक बाजू समोरून, प्रमाणात काढलेली. ती रेंडर करायची म्हणजे तिच्यात सावली आणि रंग भरायचे. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर दिसतो तसा एक टॉवर धरू: पोडियम (टॉवरखालचा रुंद भाग) १८ मीटर, त्यावर ३ मीटरचे ४० मजले, माथ्यावर लिफ्टची मशीन रूम आणि टाकी मिळून ७ मीटर. एकूण १४५. हे १:२०० ला ७२.५ सेंटिमीटर भरतं आणि उभ्या ए१ शीटची उंची ८४.१ असते. आकाश, जमीन आणि नावाची पट्टी या सगळ्यांना मिळून जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर उरतात. त्यापेक्षा १:२५० घ्या. टॉवर ५८ सेंटिमीटर, मजला १२ मिलिमीटर, आणि वर ऐसपैस आकाश. त्या मोकळ्या जागेमुळेच टॉवर उंच वाटतो.

कागद ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत. कोल्ड प्रेसच्या खरखरीत अंगावर ०.१ मिलिमीटरचं पेन अडखळतं. पाचेक मिनिटं पाण्यात भिजवा, ओलाच बोर्डावर पसरा आणि चारही कडा पाणी लावून चिकटणाऱ्या ब्राऊन गमटेपने बंद करा. मास्किंग टेप हा ताण पेलत नाही. बोर्ड आडवाच वाळू द्या. जुलैत ठाण्याच्या दमट हवेत एक रात्र पुरेलच असं नाही. हाताची मागची बाजू टेकवून बघा, गार लागला तर कागद अजून ओला आहे.

आता मजले. डिव्हायडरमध्ये १२ मिलिमीटर धरून एकावर एक टप्पे मोजत वर जाऊ नका. दर टप्प्याला पाव मिलिमीटर चुकलं तरी चाळिसाव्या मजल्यावर एक सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खा मजला, इकडचा तिकडे होतो. स्केल एकदाच लावायची, पोडियमच्या माथ्यावर शून्य ठेवून १२, २४, ३६ अशा खुणा सलग करायच्या. स्केल आखूड असेल तर आधी दर दहा मजल्यांच्या खुणा पक्क्या करा, मग आतले भरा. पेन्सिल कडक, २एच, हात हलका.

(समोरून न काढता कोपऱ्यातून, दोन्ही बाजू दिसतील असं टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह काढत असाल तर एक सोय आहे. त्यात उभ्या रेषा उभ्याच राहतात, म्हणून कुठल्याही एका उभ्या कडेवर मजले समान अंतरावर येतात. जवळच्या आणि लांबच्या कडेचे वरचे-खालचे बिंदू मिळाले की दोन्हींचे ४० समान भाग करून जोडा. आडव्या रेषा जिथे मिळतात त्या बोर्डाबाहेरच्या व्हॅनिशिंग पॉइंटपर्यंत दोरा ताणायला नको. आडव्या दिशेतल्या खिडक्यांना मात्र हे लागू नाही.)

शाई वॉटरप्रूफच. जमिनीची रेषा ०.८, बाह्यरेषा ०.४, स्लॅब ०.२, खिडक्या ०.१. रेलिंगच्या सळ्या काढायच्या भानगडीत पडू नका: १० सेंटिमीटरवरच्या सळ्या या स्केलला ०.४ मिलिमीटरवर येतात आणि वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर) बसला की काळा पट्टाच दिसतो. वरचा हँडरेल पुरे. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या झोनिंग कायद्याने टॉवरला कोणता आकार मिळेल हे वास्तुचित्रकार ह्यू फेरिस यांनी १९२२ मध्ये चारकोलने दाखवलं, त्यात खिडक्या जवळजवळ नाहीतच. तरी इमारती अंगावर येतात. सगळा तपशील पोडियम, रेफ्युज मजले (आग लागल्यावर आसरा घ्यायचे) आणि माथा यांत घाला.

सावलीसाठी ऊन डावीकडून, ४५ अंशांत धरा. दीड मीटरच्या बाल्कनीची सावली ६ मिलिमीटर उजवीकडे आणि ६ खाली, म्हणजे बरोबर अर्धा मजला. एका मजल्याची सावली कार्डावर कापून घ्या आणि तो साचा स्लॅबच्या रेषांवर खाली सरकवत जा. खाडीकडून, येऊरचे डोंगर मागे ठेवून पूर्वेचं एलिव्हेशन काढलंत तर डिसेंबरच्या सकाळी ऊन खरोखरच डावीकडून येतं. उत्तरेच्या एलिव्हेशनवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. तिथे ४५ अंशांची सावली काढली की जाणकार लगेच बोट ठेवतो.

सगळ्यात नाजूक काम वॉशचं. निळसर राखाडी पेन्स ग्रेमध्ये थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. सगळ्या वॉशना पुरेल एवढा रंग आधीच कालवून ठेवा, मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. सीलिंग फॅन बंद, नाहीतर कडा आधी वाळून डाग धरतात. बोर्डाला दहा-पंधरा अंशांचा उतार द्या. भिंत वर गडद, खाली फिकी: जमिनीवरून परतणारा उजेड खालचे मजले उजळवतो. माथ्यापासून सुरुवात करून दर तीन-चार मजल्यांना रंगात ब्रशभर पाणी वाढवा. काच नेमकी उलट. वरच्या काचेत आकाश दिसतं, खालच्या काचेत झाडं आणि समोरच्या इमारती. म्हणून काचेच्या वॉशला बोर्ड उलटा फिरवा आणि पोडियमकडून सुरुवात करा. विसाव्या मजल्याच्या आसपास भिंत आणि काच एकाच छटेला येतात आणि खिडक्या हरवतात. तिथे छज्ज्याखालची सावली इतर मजल्यांपेक्षा एक थर गडद करा. एका दाट वॉशऐवजी तीन पातळ, प्रत्येक वाळल्यावरच पुढचा.

डोंगर फिकट निळसर राखाडी ठेवा. पावसाळी हिरवा रंग टॉवरला खाऊन टाकतो. माणसं ७ मिलिमीटरची, पोडियमपाशी पाच-सहा, बस्स.

टेप कापायची ती कागद पूर्ण वाळल्यावरच, आधी एक कड, मग तिच्या समोरची. ओलसर असताना कापलात तर शीट कायमचं लाटा धरतं.