हीट पंप घेतलाय ना, मग त्याला गीझरसारखं वागवू नका

आमच्या पुण्यातल्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये पाणी तापवायचा २०० लिटरचा हीट पंप बसवून आता तीन हिवाळे झाले. सोसायटीत अजून चार-पाच जणांनी घेतला आणि तेव्हापासून सगळे मलाच विचारतात की अरे बिल का कमी होत नाहीये. जाऊन बघितलं की बहुतेक वेळा एकच भानगड असते, गीझरची सवय सुटलेली नसते. पहाटे उठायचं, बटण दाबायचं, अंघोळी उरकल्या की बंद. माझी आईपण पहिले पंधरा दिवस तेच करायची, "उगाच कशाला चालू ठेवायचं" म्हणून बोर्डावरचं बटण खाली, आणि मी बाथरूममधून साबण लावलेल्या अवस्थेत ओरडतोय.

तर आधी हे समजून घ्या की गीझर विजेवर स्वतः उष्णता तयार करतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून टाकीत आणून टाकतो, फ्रीज किंवा एसीसारखंच तंत्र, फक्त उलट्या बाजूने. २०० लिटर पाणी २२ डिग्रीवरून ५० वर न्यायला गीझरला साडेसहा युनिट लागतात, हीट पंपला साधारण सव्वादोन. पण टाकी पूर्ण गार असेल तर तापायला तीन-चार तास लागतात, अंघोळीआधी दहा मिनिटं लावून काही होत नाही.

आता मुख्य मुद्दा, टायमर. हवा जितकी गरम तितकं मशीनला काम सोपं. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी तोच २८-३० पर्यंत जातो. मग मशीन पहाटे पाचला का पळवायचं? दुपारी १ ते ४ लावा, म्हणजे आपण झोपतो तेव्हा त्याने काम करायचं. टाकीला इन्सुलेशन असतं, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात गरम पाणी मिळतं. घरात माणसं जास्त असतील तर रात्री जेवणानंतर अजून एक तास-दीड तास द्या.

टेम्परेचर ५० पुरतं. अंघोळीला आपण तसंही गार मिसळून ४० च्या आसपासच घेतो, ६५ ला ठेवून फक्त वीज जास्त जाते. मात्र आठवड्यातून एकदा ६० पर्यंत नेऊन थोडा वेळ तिथेच ठेवा, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात म्हणून. बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी वेगळा मोड असतो. त्या दिवशी पोरांना नळाखाली हात घालू देऊ नका, भाजतं. आणि मोडवरून आठवलं, आत एक साधा हीटरपण असतो, पाहुणे आले की आपण बूस्ट किंवा इलेक्ट्रिक मोड लावतो आणि विसरतो. दिवाळीत मी विसरलो होतो, महिनाभर गीझरच चालला म्हणायचा.

गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली की नंतर टायमरचं घड्याळ बघून घ्या, आमचं मागे पडतं आणि दुपारचं काम रात्री सुरू होतं. सोसायटीचं पाणी गेलं असेल तर मशीनची टाकी भरलेली असूनही गरम पाणी येत नाही, कारण खालून गार पाणी ढकलतं तेव्हाच वरचं गरम बाहेर पडतं. ते बिघाड समजून मेकॅनिकला फोन करू नका (मी केलाय).

मेंटेनन्स फार नाहीये पण जे आहे ते करा. पंख्यामागची पातळ पत्र्यांची जाळी दोन-तीन महिन्यांनी साफ करायची. आमच्याकडे ड्राय बाल्कनीत कपडे वाळतात त्याची लव, समोरच्या बांधकामाची धूळ आणि कबुतरांची पिसं, तिघांचा मिळून चक्क नमदा होतो. एमसीबी बंद करा, जुना रंगाचा ब्रश घ्या, वरून खाली फिरवा, आडवा नाही, नाहीतर पत्रे वाकतात. प्रेशर पाइप मारू नका. आणि बाल्कनीला स्लायडिंग लावलं असेल तर मशीन चालू असताना उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच सोडलेली गार हवा ते परत ओढत बसतं. पावसाळ्यात खालच्या नळीतून पाणी जास्त येतं, ते हवेतलंच आहे, घाबरू नका, नळी तुंबली नाही ना एवढं बघा.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल मात्र हलगर्जीपणा नको. पाणी तापताना त्यातून थोडं थेंब थेंब येणं नॉर्मल आहे. आमच्याकडे आलेल्या एका प्लंबरने "लीक आहे साहेब" म्हणून तिथे सरळ प्लग ठोकला होता, नशीब मी दुसऱ्या दिवशी बघितलं. ती वाट बंद झाली तर प्रेशर जाणार कुठे? टाकी फुटू शकते. सहा महिन्यांनी त्याची दांडी उचलून पाणी सुटतंय का बघा, तोंडाखाली बादली धरा, पाणी कढत असतं. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह बदला.

बोअरचं, टँकरचं पाणी असेल तर क्षार बसतात, बादलीच्या कडेला पांढरं दिसतंच आपल्याला. वर्षातून दोनदा लाइट बंद करून, गार पाण्याचा कॉक बंद करून, गरम नळ उघडा आणि खालच्या ड्रेनमधून बादलीभर गाळ काढा. टाकी परत पूर्ण भरल्याशिवाय लाइट चालू करायची नाही, आतला हीटर जळतो. टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असेल (मॅन्युअलमध्ये कळेल) तर तो दरवर्षी काढून बघायला सांगा. टाकीऐवजी तो गंजतो, हेच त्याचं काम. आमचा अंगठ्याएवढा होता, दोन वर्षांत त्याची वेडीवाकडी तार उरली होती.

शेवटचं म्हणजे मशीनमधला गॅस, एसीत असतो तसाच. "दरवर्षी भरावा लागतो" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो बंद सर्किटमध्ये असतो, कमी झाला म्हणजे गळती आहे आणि आधी ती शोधायची. मशीन पंधरा मिनिटं चालू द्या आणि पंख्यासमोर हात धरा. हवा चांगली गार लागतेय तर मेकॅनिकला चहा पाजा आणि परत पाठवा.