‘गुण आला’ म्हणून विश्वास ठेवू नका: आरोग्याचे सल्ले पारखताना या चुका टाळा

कुडाळ तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. रोज कुणीतरी काउंटरवर मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "ह्या खरा काय ओ?"

सगळ्यांत महागात पडणारी चूक एकच: अमक्याला गुण आला, म्हणजे उपाय खरा.

माझे काका लावणीच्या चिखलात आठवडाभर राबले. पायांना भेगा होत्याच. ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या. मोबाइलवर आलेला गुळवेलीचा काढा सुरू झाला आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. मी रक्त तपासा म्हणालो. "काढ्यान गुण इलो, आता डाक्टर कित्याक?" म्हणत त्यांनी तोच मेसेज साऱ्या वाडीला पाठवला. दोन दिवसांनी ताप उलटला, डोळे पिवळे झाले, लघवी आटली. लेप्टो निघाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस: उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून, कातडीच्या भेगांवाटे अंगात शिरणारा जंतूंचा आजार. तीनदा डायलिसिस करावं लागलं तेव्हा काका वाचले. लेप्टोचा ताप कित्येकदा काही दिवसांनी आपसूक ओसरतो आणि मग उलटतो. श्रेय मात्र काढ्याला गेलं, आणि मोलाचे दिवस हातचे गेले.

तेव्हापासून कुणी उपाय सांगितला की मी एकच विचारतो: हे घेतलं नसतं तर काय झालं असतं? सर्दी, तोंड येणं, कंबरेतली उसण बहुधा आपली आपण बरी होते, आणि शेवटी जे घेतलं त्याच्या नावावर जमा होते.

वजनाचंही तेच. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, ते चरबी जाळतं, असं सांगून पावडरी विकतात. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाची चाचणी अमेरिकेत झाली, ती 1998 साली छापून आली. 135 माणसं, 12 आठवडे. काहींना ते आम्ल, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कमी उष्मांकाचं जेवण सगळ्यांना सारखं. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांचं 4.1. काम केलं ते जेवणाने. सोलकढी जरूर प्या. पावडर मी दुकानात ठेवत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक समजू नका. विषारी कण्हेर परसातच फुलते.

विकणाऱ्यालाच खरं-खोटं विचारू नका. त्यात मलाही धरा.

गोल आकड्यांना भुलू नका. 10,000 पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवताना रूढ झाला. ‘21 दिवसांत सवय’ ऐकून आलेली पोरं तर बाविसाव्या दिवशी हातपाय गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला 18 पासून 254 दिवसांपर्यंत वेळ लागेल असं दिसलं. सात दिवसांत पालट हवा असणाऱ्यांना मी काहीच विकत नाही.

काकांचा तो मेसेज अजून वाडीत फिरतो. दिसला की त्याखाली मी लिहितो: लावणीच्या दिवसांत ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, आणि चिखलात उतरलो होतो हे आधी सांगा.