डिझेलच्या मागे लागून घालवलेले सहा आठवडे (कललेल्या यॉटवर नवीन असाल तर वाचा)

मोटर यॉटवर इंजिनरूममध्ये नवीन लागलात की पहिल्या काही महिन्यांत धक्क्यावर उभं राहून कोणीतरी म्हणणारच, "अरे, तुमची बोट जरा उजवीकडे बसलीय का?" मला म्हणाले तेव्हा पोटात गोळा आला होता. त्यानंतरचे सहा आठवडे मी जे काही केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं, आणि वाईट म्हणजे चुकीचं करताना मला अगदी हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काल सरळ असलेली बोट आज अचानक कलली असेल किंवा तासातासाला कल वाढत असेल, तर हे वाचत बसू नका. पाणी आत येतंय असंच धरून चाला. प्रत्येक बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचायची पोकळी) डोळ्यांनी बघा, सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपांचे व्हॉल्व्ह) बंद करा, प्रोपेलरच्या शाफ्टचं सील बघा, वरच्यांना उठवा, मग ते कितीही चिडोत. "अलार्म वाजला नाही म्हणजे पाणी नसेल" असं म्हणू नका, अलार्मचा फ्लोट जिथे आहे तिथलंच त्याला कळतं. बाकी एक-दोन अंशांचा जुना, संथ कल असेल तर घाबरायचं कारण नाही, बोट उलटत नाही त्याने. फक्त शोधायला वेळ आणि डोकं शांत लागतं.

दुसरं म्हणजे उभ्या बोटीचा कल आणि चालत्या बोटीचा कल हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची गल्लत करू नका. बांधलेली असताना सरळ आणि वेग घेतल्यावर कलतेय, तर टाक्या उपसत बसण्यात अर्थ नाही, ट्रिम टॅब (मागच्या कडेच्या वरखाली होणाऱ्या पट्ट्या) बघा, स्टॅबिलायझरचा (डोलणं कमी करणाऱ्या यंत्रणेचा) एखादा फिन मध्यावर न येता तिरका अडकलाय का ते बघा, दोन्ही इंजिनांचे आरपीएम बघा. पोर्टचा (डावीकडचा) टॅब खाली राहिला की पोर्टचा मागचा भाग उचलला जातो आणि बोट स्टारबोर्डला (उजवीकडे) कलते, म्हणजे कलते त्याच्या उलट बाजूचा टॅब तपासायचा, इथे सगळेच एकदा तरी फसतात. एकच इंजिन असेल आणि प्रोपेलर मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर बोट थोडी पोर्टला झुकणारच, तो टॉर्क आहे, बिघाड नाही. आणि आडवा वारा असेल तर वेगात पाण्यावर उचलून धावणारी (प्लेनिंग) बोट चक्क वारा येतो त्याच बाजूला झुकते, कारण सरळ जायला आपण सुकाणू वाऱ्याकडे धरून ठेवलेलं असतं. उलट दिशेने एक फेरी मारून बघा. कलाची बाजू बदलली तर वारा, नाही बदलली तर बोट. चालतीचं एवढं पुरे, माझी गोष्ट उभ्या बोटीची आहे.

आमची बोट साधारण २० टनांची, ४.८ मीटर रुंद. डिझेलच्या दोन टाक्या, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्हींचे मध्य एकमेकांपासून ३ मीटरवर, आणि तळाशी दोघींना जोडणारा क्रॉसओव्हर पाइप. कल उजवीकडे. मी पहिल्याच दिवशी दोन्ही टाक्यांत डिपस्टिक टाकली, उजवीकडे जवळपास ११० लिटर जास्त. झालं! कारण सापडलं! मी ट्रान्सफर पंपाने ५५ लिटर डावीकडे ढकलले, कल कमी झाला, मी कॅप्टनला सांगून मोकळा झालो आणि त्या रात्री मस्त झोपलो.

दोन दिवसांनी बोट परत तशीच.

परत मोजलं, परत उजवीकडे जास्त. मी परत ढकललं. हे मी तीनदा केलं हो, तीनदा! मग मला वाटलं इंजिनाची रिटर्न लाइन उजव्या टाकीत जात असेल. शंका तशी चुकीची नाही, कारण डिझेल इंजिन ओढतं त्यातलं बरंचसं परत पाठवतं, आणि एका टाकीतून ओढून दुसरीत परत देत असेल तर तासाभरात फरक पडतो. पण आमचं इंजिन बंद होतं ना! जनरेटरही बंद, शोअर पॉवरवर (धक्क्यावरच्या विजेवर) होतो. बंद इंजिन डिझेल कुठून हलवणार, हे डोक्यात यायला मला आठवडा लागला.

मग आमचे एक सिनियर म्हणाले, "एवढं काय, डावीकडे शिसं ठेव." ठेवलं. चार दिवस बोट अगदी देवघरातल्या समईसारखी सरळ, मग परत उजवीकडे. शिसं ठेवणं हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे. कल हे एकच लक्षण तुमच्याकडे असतं आणि तुम्ही तेच पुसून टाकता, वर बोट जड करता. कारण सापडल्यानंतर, कायमच्या यंत्रसामग्रीमुळे कल आहे हे सिद्ध झाल्यावर बॅलास्ट (असं तोलाचं वजन) ठेवा, माझी ना नाही. आधी नाही. सिनियर माणूस चांगला आहे, वेल्डिंग त्याच्याकडूनच शिकलो, पण वीस वर्षांचा अनुभव म्हणजे कधी कधी एकच वर्ष वीस वेळा असतं.

आता मी जिथे अडकलो ते नीट सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. क्रॉसओव्हर उघडा असला की दोन्ही टाक्या "लेव्हल" राहतात असं आपण म्हणतो. कशाशी लेव्हल? बोटीशी नाही! डिझेलला तुमच्या डेकशी काही देणंघेणं नाही, ते क्षितिजाशी सपाट होतं. बोट दुसऱ्या कशानेतरी एक अंश उजवीकडे कलली की उजवी टाकी खाली जाते, डावी वर येते, आणि डिझेल गुपचूप डावीकडून उजवीकडे वाहतं, त्याने बोट अजून थोडी कलते, मग अजून थोडं वाहतं. हे अनंत चालत नाही, एका जागी थांबतं, पण मूळ कल वाढवून ठेवतं. आणि मग तुमच्यासारखा-माझ्यासारखा नवखा डिपस्टिक घेऊन येतो, त्याला उजवीकडे डिझेल जास्त दिसतं आणि तो म्हणतो डिझेलमुळे कललीय. डिझेल जास्त होतं हे खरंच होतं. पण ते कारण नव्हतं, परिणाम होता. कललेल्या बोटीवर पहिली जी असमान गोष्ट सापडते ती कलामुळेच असमान झालेली असू शकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या टाक्या जोडलेल्या असतील तर तिथेही हेच, बिल्जमधल्या पाण्याचंही हेच.

मला सोडवलं एका म्हाताऱ्या सर्व्हेयरने (बोटी तपासणाऱ्याने), तेही दुसऱ्याच कामाला आला होता. माझं सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "तुझ्या ११० लिटरने किती अंश येतात, काढलंस का?" मी गप्प. काढलंच नव्हतं. दिसलं, पटलं, संपलं. 

त्याने करायला लावलेली टेस्ट कोणीही अर्ध्या दिवसात करू शकतो. शिसं काढलं. वारा नसलेली सकाळ बघितली, दोर सैल सोडले (ताणलेला दोर बोटीला सरळ किंवा तिरकी धरून ठेवतो, कित्येक "कल" नुसते दोराचे असतात), गँगवे उचलला, फालतू माणसं उतरवली. दोन्ही बाजूंचा फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकच्या कडेपर्यंतची उंची) एकाच फ्रेमपाशी, म्हणजे बोटीच्या लांबीवर एकाच जागी, मोजला, उजवीकडे ११ सेंटीमीटर कमी. मग सलूनमध्ये दीड मीटर दोरीचा ओळंबा टांगला, गवंड्याकडे असतो तोच, आणि त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं म्हणजे झुलत नाही. मोबाइलमधलं ॲप वापरू नका, टेबलच तिरकं असतं आणि तुम्ही टेबल मोजत बसता. ४८० सेंटीमीटर रुंदीला ११, म्हणजे दीड मीटर दोरीला जवळपास साडेतीन सेंटीमीटर. हा आपला कल, अंशांत सव्वाच्या थोडा वर, १.३ धरा.

मग क्रॉसओव्हर बंद केला आणि चार माणसं, मिळून ३०० किलो, मध्यरेषेपासून २ मीटर बाजूला नेऊन उभी केली. ३०० गुणिले २, म्हणजे ६०० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचा किलोमीटर नव्हे). ओळंबा साडेचार सेंटीमीटर सरकला. बास. आता जीएम (बोटीच्या स्थिरतेचं माप) माहीत असायची गरज नाही, स्टॅबिलिटी बुकलेट हरवलं असेल तरी चालतं (आमचं हरवलंच होतं). ६०० ला साडेचार सेंटीमीटर, तर साडेतीनला किती? साधारण ४६५. म्हणजे आमच्या बोटीला उजवीकडे ओढणारं काहीतरी ४६५ किलो-मीटरचं होतं.

आणि डिझेल? फरक ११० लिटर, म्हणजे ५५ लिटर इकडून तिकडे गेलेले, लिटरला ०.८५ किलो धरलं तर ४७ किलो, ३ मीटर सरकले. १४० किलो-मीटर. एक तृतीयांशही नाही! सहा आठवडे मी ज्याच्या मागे होतो त्याने कलातला तिसरा हिस्सासुद्धा भरत नव्हता, आणि हा हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

उरले ३२५. बोटीची बाजू आतून मध्यरेषेपासून दोनेक मीटरवर संपते, एखादं सामान किंवा पाणी उजवीकडे असेल तर सरासरी दीड-पावणेदोन मीटरवर असणार, १.६ धरलं तर २०० किलो. म्हणजे उजवीकडे कुठेतरी २०० किलोची अशी वस्तू आहे जी आमच्या यादीत नाही. हे कळल्यावर शोध एकदम सोपा होतो, कारण २०० किलो खिशात मावत नाहीत. लॉकर नाही, नांगराची साखळी मध्यावर, बॅटऱ्या बसवल्यापासून हलल्या नाहीत, टेंडर (सोबतची छोटी होडी) मध्यावर. राहिलं पाणी.

पाहुण्यांच्या केबिनची फळी उचलली. खाली उजव्या बाजूच्या पोकळीत शॉवरच्या ड्रेनचा जॉइंट गळत होता आणि पाणी तिथेच साचलेलं, कारण ते मधल्या बिल्जकडे जायचं भोक, लिंबर होल, कोणीतरी सिलिकॉनने बंद केलं होतं. बहुतेक वास येऊ नये म्हणून. अलार्म मधल्या बिल्जमध्ये, तिथे हाडासारखं कोरडं. पाणी गोडं होतं, खारेपणा मोजायच्या मीटरने तपासलं, जिभेने तपासू नका, बिल्जच्या पाण्यात काय काय असतं ते विचारू नका. गोडं निघालं म्हणून निम्मी भीती गेली, खारं असतं तर बोटीच्या बाहेरच्या कवचाला भोक पडलंय का इथपासून सुरुवात करावी लागली असती. 

पाणी उपसलं आणि मुद्दाम क्रॉसओव्हर रात्रभर उघडा ठेवला, पंपाला हात लावला नाही. सकाळी दोन्ही टाक्या सारख्या, बोट सरळ. डिझेल आपणहून परत गेलं होतं.

आणि हे आधी दिसायला हवं होतं. नंतर लॉगबुक चाळलं तर कल वाढायचा तो पाहुणे असलेल्या दिवसांनंतरच, कारण शॉवर तेव्हाच चालायचा, शिसं ठेवल्यावर चार दिवसांनी बोट परत कलली तेही तसंच. मी कल लिहीत होतो पण सोबत काय चाललंय ते लिहीत नव्हतो. तेव्हा रोज एकाच वेळी दोन्ही बाजूंचा फ्रीबोर्ड, डिझेलच्या-पाण्याच्या सगळ्या टाक्या, आणि बोटीवर किती माणसं, कुठला पंप चालला, एवढं लिहाच. दोन मिनिटं लागतात.

क्रॉसओव्हर कायम बंद ठेवायचा का? मी ठेवतो. पण आधी तुमच्या बोटीची पाइपलाइन हाताने धरून शेवटपर्यंत बघा, काही बोटींत एका इंजिनाला डिझेल त्या पाइपातूनच मिळतं आणि बंद केलात तर भर समुद्रात इंजिन हवा खाईल. ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, ड्रॉइंग काढल्यानंतर बोटीत किती जणांनी हात घातलाय देव जाणे.

अजून एक, आणि इथे खरंच घाबरा. बोट कधी डावीकडे कधी उजवीकडे पडून राहत असेल, लाटेवर आळसावल्यासारखी हळू झुलत असेल, आणि हल्लीच फ्लायब्रिजवर (सगळ्यात वरच्या मोकळ्या डेकवर) जड काही चढवलं असेल, तर तो साधा कल नाही, तो लोल. वरचं वजन जास्त झाल्याने बोटीला सरळ उभं राहायची ताकदच उरलेली नसते. तिथे वजन उंच बाजूला नेऊन सरळ करायला गेलात तर ती धाडकन दुसऱ्या बाजूला पडते, पहिल्यापेक्षा जोरात. वजन आधी खाली आणायचं, अर्धवट भरलेल्या टाक्यांचं हेलकावणारं पाणी कमी करायचं, टाकी भरायचीच असेल तर तळाची, आणि दोन्ही बाजूंना टाक्या असतील तर खालच्या बाजूची आधी. उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. हे एकट्याने करू नका, ज्याला येतं त्याला बोलवा, लाज वाटली तरी बोलवा.

साध्या कलाला मात्र तुम्ही पुरेसे आहात. ओळंबा, टेप, चार मित्र आणि एक शांत सकाळ. हिशोब थोडा इकडेतिकडे होईल, दहा-पंधरा टक्के चुकला तरी चालतो, पण दोन तृतीयांश गायब असेल तर कोणी काहीही म्हणो, फळ्या उचलत राहा. मी आता दर महिन्याला एक जाडी तार घेऊन सगळी लिंबर होलं टोचतो, क्रू हसतो. मागच्या महिन्यात त्यातल्याच एका भोकातून पाहुण्याचा मोजा निघाला.